फरक भरून

दुपारचं जेवण झालं होतं, ही आतल्या खोलीत वजनकाट्याशी झटापट करत होती आणि मी सोफ्यावर अर्धा डोळा मिटून पडलेलो, तेवढ्यात मोबाईल टुंग झाला. बघितलं तर विमान कंपनीचा मेल. पहिल्यांदा वाटलं विमान रद्द झालं, कारण या कंपन्या स्वतःहून मेल पाठवतात ते बहुतेक त्याचसाठी. पण नाही. मेलमध्ये एक बाई पाय लांब करून झोपलेली, अंगावर पांघरूण, बाजूला छोटा दिवा, हातात कसलासा ग्लास (झोपलीय तर हातात ग्लास कशाला हे काय मला कळलं नाही) आणि खाली लिहिलेलं की तुम्हालाही असं झोपता येईल, फक्त किती द्यायला तयार आहात तेवढं सांगा.

लेक म्युनिकला असते. तिला सातवा संपत आलाय, म्हणून आम्ही दोघं पुढच्या आठवड्यात निघालोय. तिकिटं तिनंच काढली, इकॉनॉमीची, आणि फोनवर तीनतीनदा सांगितलं की आठ-नऊ तास आहेत, मधनंमधनं उठून चाला, पाय सुजतात. पायांचं मला काही नाही. पण हिच्या गुडघ्याचं गेलं वर्षभर चाललंय, जिना चढताना कठडा धरते आणि कुणी बघत नाही ना हे आधी बघून घेते. ते डोक्यात होतं म्हणून मेल उघडला, नाहीतर असल्या मेलांचं मी काय करतो ते सगळेच करतात.

आतनं आवाज आला, "दोन किलो जास्त भरतंय. लाडू काढतो, चटणी काढणार नाही."

एप्रिलात डंकावर कुटून आणलेली चटणी आहे ती, काढणार नाही म्हणजे नाहीच. आणि हो, 'काढतो'च. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो, मी करतो. लेक तिकडं जाऊन सहा वर्षं झाली तरी फोनवर "मी आत्ताच जेवलो" म्हणते आणि आमचे जावई पुण्याचे, ते अजून दचकतात.

तर त्या मेलमध्ये एक अर्धगोल होता, गाडीच्या स्पीडोमीटरसारखा, एका बाजूला लाल, मध्ये पिवळा, पलीकडं हिरवा, आणि त्यात काटा. खाली एक ठोकळा बोटानं सरकवायचा, तसा काटा हलतो. कमीत कमी बोली माणशी अठ्ठावीस हजार. तिथं काटा तांबड्यात पडलेला आणि खाली शब्द यायचा, कमकुवत. अठ्ठावीस हजार रुपये, माणशी, वर आणि कमकुवत! मी पहिली मोटारसायकल घेतली ती याच्यापेक्षा कमीत घेतली होती आणि तेव्हा कमकुवत कुणी म्हणालं नव्हतं, उलट गल्लीत पेढे मागितले होते. ठोकळा सरकवत सरकवत लाखाच्या पुढं नेला तेव्हा काटा हिरव्यात गेला आणि मेल एकदम खूश. मग परत मागं आणला. परत पुढं. लहान पोरासारखी पंधरा मिनिटं मी तेवढंच करत बसलो होतो.

गंमत अशी की बाकीच्यांनी किती बोली लावलीय ते तुम्हाला कळत नाही. जागा किती रिकाम्या आहेत ते कळत नाही. तुम्ही आपला आकडा टाकायचा, कार्डाचा नंबर द्यायचा आणि गप बसायचं. निघायच्या एक-दोन दिवस आधी ते ठरवणार, घेतलं तर पैसे कापणार, मग परत मिळत नाहीत.

आमचे थोरले मामा मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो, एवढ्यासाठीच की गुळाचा खडा मिळायचा. रवे ओळीनं मांडलेले, माश्या, घोंगावणं, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरनं दुसऱ्या ढिगावर सरकत जाणार, मोठमोठ्यानं भाव पुकारत. मामा सांगायचे की हे ओरडणं नंतरचं, जुन्या काळी बाजारात हत्त्यानं चालायचं. म्हणजे रुमालाखाली दोघांनी हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्याच्याच मालाचा भाव कळायचा नाही. पुढं बाजार समित्यांचे कायदे आले आणि ते बंद झालं, उघड लिलाव आला. सोफ्यावर पडून अंगठ्यानं ठोकळा सरकवताना मला ते आठवलं आणि वाटलं, हत्ताच की हा. फक्त रुमालाखाली निदान कुणाचातरी हात असायचा, गरम, घामट, खऱ्या माणसाचा.

खरं सांगायचं तर आमच्या घरात अपग्रेड हा शब्द नव्हताच. 'फरक' होता. फरक भरून घेतला. फरक किती पडला? आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडात हा शब्द कायम, कारण आण्णा तिकीट काढायचे नेहमी साधं आणि मग गाडीत टीसीला गाठायचे. उद्यमनगरात टर्नर होते ते, रजा कधी मिळेल याचा भरवसा नाही म्हणून रिझर्व्हेशन कधी केलंच नाही. महालक्ष्मी सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मवर काळा कोट दिसला की आण्णा त्याच्या मागं. त्यातसुद्धा एक पद्धत होती. फार जवळ जायचं नाही, टीसी चिडतो. फार लांब राहायचं नाही, दुसरा घुसतो. दोन हातांवर चालायचं, तो थांबला की थांबायचं, त्यानं चार्टात बघितलं की आपण छताकडं बघायचं. मग बरोबर मिरजेच्या आसपास टीसी न बघताच म्हणणार, "किती?" आण्णा म्हणणार, "दोन आणि एक अर्धं, साहेब." मग ते पावतीपुस्तक, त्यातला निळा कार्बन, गाडीच्या हिसक्यानं वाकडं तिकडं होणारं अक्षर, आणि आण्णा पैसे मोजून देताना ओठ हलवायचे पण आवाज नाही.

तर त्या माणसाला निदान तोंड होतं. नाही म्हणाला तरी तोंडावर म्हणायचा. कमकुवत वगैरे म्हणत नव्हता.

पैसे न भरता वर सरकायचा अनुभव माझ्या आयुष्यात एकदाच आला आणि तो विमानातला नाही, लक्ष्मीपुरीतल्या एका थिएटरातला. मी तिसरीत-चौथीत असेन. गल्लीतली आम्ही सात-आठ पोरं स्टॉलला बसलेलो, पुढनं चौथी रांग, मान वर करून करून दुखायला लागलेली, पडद्यावरच्या हिरोचं नाक आमच्या डोक्यावर. तिथला डोअरकीपर आमच्या शेजारी राहायचा, तात्या म्हणायचो आम्ही. इंटरव्हलला तात्या बॅटरी घेऊन आला आणि सगळ्यांतनं माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल वर." का, ते मला आजतागायत माहीत नाही. बहुतेक आईनं त्याच्या घरी काहीतरी पोचतं केलं असणार.

बाल्कनी! जिन्याला तांबडी फरशी, वर खुर्च्यांना गादी, पंखा अगदी डोक्यावर. बाजूला एक कुटुंब, त्यांच्या डब्यात चिवडा. मी अंग चोरून बसलो. पिक्चर सुरू झाला. दहा मिनिटांनी मारामारी आली आणि खाली एकदम दणका, शिट्ट्या, आरोळ्या, चिल्लर उधळल्याचा आवाज, आमची पोरं बाकावर उभी राहिलेली अंधारातसुद्धा ओळखू येत होती. आणि वर सगळे गप. चिवडा खाण्याचा तेवढा आवाज. मी तोंडात बोटं घातली होती शिट्टी मारायला, तर त्या काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी बोटं पँटला पुसली. खिशात दहा पैसे होते तेही टाकता येईनात, वरनं टाकले तर पडद्यापर्यंत जाणार नाहीत, मधल्या कुणाच्यातरी टाळूवर पडणार.

सुटल्यावर पोरांनी गराडा घातला, कसं असतंय वर? मी म्हटलं, नाद खुळा, एकदम भारी. आता पन्नाशी उलटल्यावर कबूल करायला हरकत नाही, खोटं बोललो होतो. खासबागेचं बरं असतं, कुठंही मातीवर बसा, कुस्ती सगळ्यांना सारखीच दिसते.

पण मी बोलत होतो विमानाबद्दल. उजळाईवाडीवरनं मी पहिल्यांदा उडालो ते पंख्याच्या विमानातनं, एटीआर. त्यात चढायचं मागच्या दारातनं आणि पुढच्या बाजूला, वैमानिकाच्या पाठीला लागून, सामानाची खोली. म्हणजे ज्या ठिकाणी मोठ्या विमानात शेठ लोक पाय पसरून बसतात तिथं आमच्या विमानात बॅगा बसलेल्या, आणि माणसं मागं. मला ती रचना फार आवडली होती. कोल्हापूरला शोभणारी.

मोठ्या विमानात मात्र तसं नाही. तिथं पुष्कळदा त्यांच्यातनंच वाट असते. ते आधी येऊन बसलेले, हातात सरबत, बूट काढलेले, आणि आपण पाठीला सॅक, हातात पिशवी, दातात बोर्डिंग पास अशा अवस्थेत त्यांच्या मधनं. वरातीत घोड्यावरच्याकडं बघावं तसं आपण त्यांच्याकडं बघतो. ते मोबाईलमध्ये बघतात. मग आपण पुढं गेल्यावर पाठीमागं पडदा ओढला जातो. जाडजूड भिंत नाही, कुलूप नाही, एक पडदा. पण तो ओढणारी बाई असा काही ओढते की मागनं स्वयंपाकघरात नैवेद्याचं ताट असावं आणि आपण विटाळ करू.

हा पडदा आला कसा हे मी मध्ये एकदा वाचलं होतं. विमानात आधी दोनच वर्ग, फर्स्ट आणि इकॉनॉमी. सत्तरच्या दशकात स्वस्तातली तिकिटं वाढली, सहलीवाले यायला लागले, आणि कंपनीच्या कामानं फिरणारे, ज्यांचं इकॉनॉमीचंच पण पूर्ण भाड्याचं तिकीट, ते कुरकुरायला लागले की आम्ही दुप्पट मोजतो आणि शेजारी हा निम्म्यात बसलेला, त्यालाही तेच जेवण. मग त्यांना पुढं सरकवून वेगळं बसवायला सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियाची क्वांटास सांगते की बिझनेस क्लास आम्हीच पहिल्यांदा आणला, १९७९ साली. सपाट होणारा पलंग तर लई उशिरा आला, बिझनेसमध्ये तो ब्रिटिश एअरवेजनं २००० साली दिला. म्हणजे वीसेक वर्षं ही मंडळी जास्त पैसे देऊन बसलेलीच होती, झोपलेली नव्हती. सुरुवातीला विकलं गेलं ते झोपणं नव्हेच, शेजारी कोण नाही ते विकलं गेलं.

आणि बघा, साधारण त्याच सुमाराला आपल्याकडं काय चाललं होतं. मधु दंडवते, आपले राजापूरचे खासदार, १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचाचा फोम बसवायला काढला. दोन इंच! तोवर रात्रभर फळीवर झोपून सकाळी माणूस उठायचा तर पाठीवर पट्ट्यांचे वळ. फर्स्टवाल्यांचं काही काढून घेतलं नाही, बोली नाही, काटा नाही, तांबडं-हिरवं नाही, पडद्याच्या मागच्या सगळ्यांना एकदम. आज सेकंडच्या बर्थवर बसणाऱ्या कुणाला तो फोम आपल्याला कुणी दिला असं वाटतसुद्धा नाही, तो असतोच. असो. मला राजकारणातलं कळत नाही, मला एवढंच कळतं की ते दोन इंच माझ्या पाठीनं मोजलेले आहेत.

परत मेलकडं. मी ठरवलं की हिच्यापुरतं करू. माझे पाय धडधाकट आहेत, मी मागं बसेन, ही पुढं झोपेल, मधनंमधनं जाऊन बघून येईन. पडदा सरकवून. मेलमध्ये शोधलं, वर खाली केलं, चष्मा बदलला. तर बारीक अक्षरात दोन गोष्टी सापडल्या. एक, सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच राहील, म्हणजे चटणीचा प्रश्न जिथल्या तिथं. आणि दोन, एका बुकिंगवर जितकी माणसं तितक्या सगळ्यांसाठी बोली लावावी लागेल. एकाला पुढं, एकाला मागं, असं करता येत नाही.

म्हणजे छप्पन्न हजार, आणि तेही कमकुवत.

हिला हाक मारून सांगितलं. ती वजनकाट्याचा हूक हातात घेऊन बाहेर आली, त्या झोपलेल्या बाईच्या फोटोकडं बघितलं आणि म्हणाली, "हिचे केस कसे विस्कटले नाहीत?" मग छप्पन्न ऐकल्यावर नुसतीच आत गेली. आतनं म्हणाली, "आणि मला एकटीला पुढं बसवून तुम्ही मागं? मग मी बोलायचं कुणाशी?"

तिथं मला ते आठवलं. खरंतर आधीपासून आठवत असणार, मघापासून मी टीसीच्या आसपासच घुटमळत होतो.

१९८५ चं साल असावं. आईचं मुंबईत ऑपरेशन झालं होतं, पोटाचं. पंधरा दिवस आम्ही दादरला आण्णांच्या एका मित्राच्या खोलीत राहिलो आणि टाके काढल्यावर महालक्ष्मीनं परत निघालो. आण्णांच्या खिशात नेहमीसारखी साधी तिकिटं, आणि गाडीला ही गर्दी, लग्नसराईचे दिवस. टीसीनं काळ्या कोटाच्या खिशात हात घालूनच सांगितलं, नाही. आण्णा मागं मागं. परत नाही. मग त्यानं खिडकीतनं आईकडं बघितलं असावं, ती पोट धरून बाकड्यावर बसलेली, कारण तो म्हणाला, "एक आहे. खालचा. एकच." आण्णांनी एकाचा फरक भरला. निळा कार्बन, वाकडं अक्षर. मला म्हणाले तू आईच्या पायाशी बस, टीसीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आणि आण्णा पिशवी घेऊन जनरलच्या डब्याकडं गेले, पार पुढं, इंजिनाजवळ.

आईला झोपवलं. बर्थला फोम होता. वर कुणीतरी घोरत होतं, समोर एक म्हातारी तपकीर ओढत होती. मला झोप लागली असणार, पण तुकड्या तुकड्यानं, कारण गाडी थांबली की खिडकीच्या गजाला आण्णांचा हात. कल्याणला हात. पुण्याला हात, तिथं गाडी जरा जास्त थांबली तर त्यांनी कपात चहा आणला आणि गजातनं आत देताना निम्मा सांडला. साताऱ्याला अंधारात पळत येताना नुसते दिसले, पोचेपर्यंत गाडी हलली, तसेच उलटे पळाले. मला भीती वाटली होती की राहिले. कराडला परत हात.

मिरजेला उजाडलं होतं. आण्णा आले, त्यांच्या पाठीवर शर्टाला दरवाज्याच्या गंजाचा तांबडा पट्टा. रात्रभर दारात बसून आले होते. म्हणाले, "लागली का झोप?" आई म्हणाली, "लागली की, चांगली लागली."

पुढं पुष्कळ वर्षांनी, आण्णा गेल्यानंतर, असंच एकदा दुपारी बसलो असताना मी तिला म्हटलं की त्या रात्री निदान तुला तरी झोप मिळाली. आई शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठली झोप? पुढचं स्टेशन कधी येतंय बघत होतो."

बोलीची मुदत उद्या दुपारपर्यंत आहे. ठोकळा मी लाल आणि पिवळ्याच्या मध्ये कुठंतरी सोडलाय. हिनं लाडवांचा डबा बाहेर काढलाय आणि परत वजन करायला मला हाक मारतीय, पिशवी तिला एकटीला उचलत नाही.